ओपांच्या डब्यातली सीलं

रोमीने डोळे मिटायचं सोडून दिलं होतं, आणि ही गोष्ट तिच्या आईच्या, मारलीसच्या, डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

इंजिन सुरू झालं की डोळे मिटायचे, ही रोमीची पाच-सहा वर्षांची असल्यापासूनची सवय. तिचे ओपा, म्हणजे आजोबा, मोटरसायकलला किक मारायचे, शेडभर निळा धूर व्हायचा, इंजिन आधी अडखळायचं, खाकरायचं, मग हळूहळू लयीत यायचं, आणि ही पोरगी उलट्या बादलीवर बसून, मान जराशी वाकडी करून, डोळे मिटून ऐकत राहायची. सूपचा पहिला चमचा तोंडात गेल्यावर काही माणसं मिटतात तसे. बत्तीस वर्षांची झाली तरी हे सुटलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरपासून मात्र ती इंजिन सुरू करून दोन पावलं मागे सरायची आणि टक्क उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत उभी राहायची. एकदा चावलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी.

बाकी काही बदललेलं दिसत नव्हतं. ती जेवत होती, हसत होती, रविवारी आईकडे येऊन बटाट्याचे गोळे पाच-पाच खात होती. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मारलीस, तुला काळजी करायला काहीतरी लागतंच. ते खरंही होतं. पण काळजीखोर माणसाची प्रत्येक काळजी खोटी असते असं थोडंच आहे.

रोमीचे ओपा, म्हणजे मारलीसचे वडील सिगमार उलिग, चौतीस वर्षं चोपाऊच्या मोटरसायकल कारखान्यात क्रँक जोडत होते. दिवसभर तिथे जोडायचे आणि संध्याकाळी क्रुम्बाखला घरी येऊन शेडमध्ये पुन्हा तेच. गावातल्या कुणाची गाडी अडली की ती ढकलत उलिगांच्या शेडकडे यायची. रोमीला वाचता यायच्या आधी फट मोजायची कुठली फीलर पट्टी कितीची ते बोटांनी कळत होतं. नवव्या वर्षी ती इग्निशन लावायला शिकली. पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरायचा, क्रँक केसाकेसाने फिरवायचा, आणि कागद ज्या क्षणी सैल होऊन हातात येईल तो ठिणगीचा क्षण. ओपांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही, पण कागदाची पाकिटं महिन्याला दोन आणायचे. दुकानातली बाई म्हणायची, "सिगमार, तंबाखूपण घेऊन जा कधीतरी, कागद एकटाच कंटाळत असेल."

मोठी होऊन रोमी दात बनवायला शिकली. केम्निट्सच्या एका लॅबमध्ये अकरा वर्षं तिने लोकांच्या तोंडात बसतील असे दात घडवले. हात इतका स्थिर की लॅबवाले अवघड कामं तिच्याच टेबलावर ठेवायचे. झिजलेली छोटी ग्राइंडरची टोकं ती घरी आणायची आणि शनिवार-रविवार त्यांनी सिलिंडरच्या आतले हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करायची. गेरोल्ड खाटीक सगळ्यांना सांगायचा, "रोमीकडे सिलिंडर टाकलात तर तोंड मोठं उघडायला सांगेल, घाबरू नका."

तीन वर्षांपूर्वी ओपा गेले. त्याच वर्षी रोमीने नोकरी सोडली, ओढ्याकाठची बंद पडलेली लोहारशाळा भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली: रोमी उलिग, दोन-स्ट्रोक इंजिनं. मारलीसला भीती वाटली होती, पण तिने अडवलं नाही. उलट उद्घाटनाच्या दिवशी तिने लेकीला एक भेट दिली. नाताळच्या केकचा जुना पत्र्याचा डबा, वर लाल फीत. आत तेलकट कागदात एकेक गुंडाळलेली चाळीसेक ऑइल सीलं, क्रँकच्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी. झाकणावर ओपांच्या अक्षरात: मूळ. १९८४.

रोमी तो डबा छातीशी धरून रडली होती.

डब्यातली सीलं ओपांची, पण आणली होती मारलीसने. मेर्सेबुर्गला रसायनशास्त्र शिकून ती एका रबराच्या कारखान्यात लागली होती, प्रयोगशाळेत. तपासणी झाल्यावर उरलेले नमुने फेकून द्यायचे असत. ती ते कोटाच्या खिशातून घरी आणायची. तेव्हाच्या समाजवादी राजवटीत जो जिथे कामाला, तो तिथलं काहीतरी खिशातून आणायचाच. दुकानात मिळायचं कुठे? ओपांनी त्यातली थोडी दोस्तांनाही वाटली. पुढे कारखाना बंद पडला, मारलीस औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली, आणि रबर कसं तपासतात ते तिला कुणी पुन्हा विचारलं नाही.

क्रुम्बाखमध्ये 'मूळ' हा शब्द लोक जरा हळू आवाजात उच्चारतात. मूळ म्हणजे तेव्हाचं, आपल्या माणसांनी बनवलेलं, वेळेवर न मिळणारं आणि म्हणून जपलेलं. त्याच्या उलट जे काही असेल ते 'दुकानातला माल', आणि तो शब्द उच्चारताना नाक आपोआप वर जातं. प्रत्येक तळघरात एक डबा, एक बरणी असतेच. इंजिन उघडलं की डबा निघतो, आणि डब्यातलं निघालं म्हणजे पुढे बोलायचं काम नाही.

सप्टेंबरात पडला तो ट्राउगोट वेर्मके. शहात्तर वर्षांचा, गावच्या दोन-स्ट्रोक मंडळाचा अध्यक्ष. तरुणपणी ओपांच्या हाताखाली कारखान्यात शिकलेला. त्याने आपली १९५९ची आरटी १२५ मोटरसायकल विश्वासाने रोमीकडे दिली होती. रोमीने ती सहा आठवडे खपून उभी केली, क्रँकपासून सायलेन्सरपर्यंत, आणि सीलं घातली ती ओपांच्या डब्यातली. हंगामातल्या शेवटच्या फेरीला ट्राउगोट ती घेऊन गावाबाहेरच्या चढणीला लागला. दगडखाणीच्या वळणावर इंजिन सीझ झालं. पिस्टन फुगून सिलिंडरला धरून बसला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि म्हातारा रस्त्यावर फेकला गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण गुत्त्यात बसून तो एक वाक्य बोलला, ते काही मोडलं नाही. "दातवालीने दात बघावेत," तो म्हणाला. रोमी गाडीचं विचारायला गेली तेव्हा दारातूनच सांगितलं, "ठेव तुझ्याकडेच. मला तिच्यावर बसायचं नाही."

रोमीने इंजिन तीनदा उघडलं. पिस्टनचं अंतर बरोबर, कार्ब्युरेटरचा जेट बरोबर, कागद धरून लावलेलं इग्निशन बरोबर. मारलीसच्या दुकानातला रक्तदाब मोजायचा जुना फुगा आणि काटा लावून तिने केसिंगमध्ये हवा भरून बघितली, साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. पुन्हा जोडलं, मोकळ्या रस्त्यावर काढलं, आणि दहाव्या किलोमीटरला इंजिनाने पुन्हा धरलं. या वेळी तिचं बोट क्लचवर होतं म्हणून वाचली.

मारलीसला हे कळलं तेव्हा रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे एक चाक थांबत होतं.

हिवाळ्यात दरवर्षी लोहारशाळेच्या फळ्या इंजिनांनी भरायच्या. या हिवाळ्यात चार आली, त्यातली दोन मालक न उघडताच परत घेऊन गेले. एप्रिलमध्ये केम्निट्सच्या लॅबमधून फोन आला: जागा रिकामी आहे, मेच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारपर्यंत कळव.

मेचा पहिला रविवार म्हणजे चढणीचा दिवस. शर्यत नाही, घड्याळ नाही. पुलापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत जुन्या गाड्या पूर्ण जोरात न्यायच्या, वर पोचताच इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लग काढायचा आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर आपल्या नावापुढे ठेवायचा. मग म्हातारे रांगेने येऊन प्लगांचे रंग बघतात. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे हवा जास्त, इंजिन कोरडं जळतंय, आज ना उद्या धरणार. रंग हरणाच्या पाठीसारखा तपकिरी असला पाहिजे. त्या चादरीवर जे ठरतं त्यावर गावात वर्षभर कुणी वाद घालत नाही.

"मी ट्राउगोटची आरटी घेऊन चढणार आहे," रोमी जेवताना म्हणाली.

मारलीसचा काटा हवेतच राहिला. "ती?"

"तीच. दुसऱ्या गाडीने चढून काय दाखवायचंय?"

"आणि खाणीच्या वळणावर धरलं तर?"

"तर सोमवारी लॅबला हो म्हणते. एका हाताने दात होतात, मी बघितलंय."

"रोमी, ही चेष्टेची गोष्ट आहे का?"

"नाहीच आहे. म्हणून तर करतेय." मग जरा थांबून, ताटाकडे बघत ती आईला म्हणाली, "मुटी, कारण सापडत नाहीये. चूक केली असेन तर ती कुठली, हे तरी कळू दे. नाहीतर मी दात बनवताना पण तोच विचार करत बसेन."

चढणीच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी मारलीस बटाट्याच्या सूपचं पातेलं घेऊन लोहारशाळेत गेली. रोमी नुकतीच गाडी फिरवून आली होती. कामाच्या टेबलावर चिंधीत प्लग होता. खडूसारखा पांढरा.

"सकाळी तपकिरी होता," रोमी म्हणाली. "गार असताना निघालं की पहिले सात-आठ किलोमीटर झकास. मग गरम झालं की हा रंग. जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट घातला, तरी तेच."

"म्हणजे हवा कुठूनतरी जास्तीची शिरतेय."

"ते मलाही कळतंय. सात महिने तीच शोधतेय. दाबून बघितलं, सगळं बंद आहे."

"दाबून बघितलंस तेव्हा इंजिन गार होतं?"

"मग? गरम इंजिन उघडून हात कोण भाजून घेणार?"

ओपांचा डबा समोरच होता. मारलीसने सहज एक पुडी सोडली, सील हातात घेतलं. काळं, चकचकीत, आजच साच्यातून काढल्यासारखं. तिने आतल्या ओठावर, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या कडेवर, अंगठ्याचं नख दाबलं.

पस्तीस वर्षं झाली होती, पण अंगठा विसरला नव्हता. रबराने नखाला थोडं आत घ्यायला हवं आणि मग हळूच परत ढकलायला हवं. याने घेतलंच नाही. तिने टेबलावरची पेन्सिल आत सरकवली आणि ओठ मागे वळवला. प्रयोगशाळेत रोज शंभरदा करायची तसा. दुमडीच्या जागी केसाएवढ्या बारीक भेगा उमटल्या, कोरड्या तळ्यात उमटतात तशा.

आधी तिला आनंद झाला. सापडलं. आणि पाठोपाठ लक्षात आलं, की सापडलेली गोष्ट तिनेच फीत बांधून दिलेली होती.

बोलायला तिला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

"रोमी, ही सीलं वापरायची नाहीत."

रोमीने सूपातून मान वर केली. "का? नवीन आहेत."

"न वापरलेली आहेत. नवीन नाहीत. चाळीस वर्षांची आहेत."

"ओपांनी जपून ठेवलेली आहेत, तेलात, अंधारात."

"जपलं म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. ओपांनाही आपण जपलंच होतं की."

रोमीने चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे वेर्मकेंचं हाड ओपांनी मोडलं, असं म्हणायचंय तुला?"

"नाही," मारलीस म्हणाली. "मी. रबर मला कळतं, त्यांना नव्हतं कळत. मी डब्याला फीत बांधली तेव्हा एकदा नख लावून बघायला हवं होतं." तिने सील पुढे केलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. गरम करून दाबून बघ."

"गरम कशात करू? एवढं मोठं..." रोमी बोलता बोलता थांबली, आणि आईकडे बघू लागली.

"माझ्या ओव्हनमध्ये मावेल," मारलीस म्हणाली.

बेअरिंग बसवायला ओपा केसिंग घरच्याच ओव्हनमध्ये तापवायचे आणि मारलीसची आई म्हणायची, यंदाही नाताळच्या केकला ग्रीसचा वास येणार. त्या संध्याकाळी त्याच जागी, जाळीवर वर्तमानपत्र अंथरून, सिलिंडर काढलेलं आरटीचं इंजिन बसलं. भोकांवर पत्रे आवळलेले, रक्तदाबाच्या फुग्याची नळी लावलेली. शंभर अंशांवर दोघी स्टूल टाकून काचेतून आत बघत राहिल्या.

"पाव फुगायची वाट बघतोय असं वाटतंय," रोमी म्हणाली. ती अजून रागात होती, पण आवाज निवळला होता.

जाड हातमोज्यांनी इंजिन बाहेर काढलं. रोमीने फुगा दाबला. काटा वर गेला. मारलीसने ब्रशने डायनामोच्या बाजूच्या सीलला साबणाचं पाणी लावलं.

आधी काहीच झालं नाही. मग रोमीने क्रँक पाव फेरा फिरवला, आणि दांड्याच्या कडेने बुडबुडे आले. एक, तीन, मग फेसाची एक अख्खी माळ. काटा खाली बसला.

दोघी त्या फेसाकडे बघत उभ्या होत्या. गार असताना कडक ओठ दांड्याला टेकून बसत होता. इंजिन तापलं, फिरायला लागलं, की मऊ रबर दांड्याबरोबर हललं असतं, हे हलत नव्हतं. त्या फटीतून हवा, हवेमुळे कोरडी आग, आणि आगीने फुगलेला पिस्टन. सात महिन्यांचं कोडं स्वयंपाकघराच्या टेबलावर साबणाच्या फेसात पडलं होतं.

"मी गार दाबत होते," रोमी हळूच म्हणाली. मग तिने आईला मिठी मारली, हातमोज्यांसकट, आणि मारलीसच्या पाठीवर काळे पंजे उमटले. "मुटी, माझा हात चुकला नव्हता. पिस्टन बरोबर होता. सगळं बरोबर होतं."

"सगळं बरोबर होतं," मारलीस म्हणाली. "हाताला काही झालेलं नव्हतं."

सोमवारी दुकानातला माल आला. तपकिरी रंगाची नवीन सीलं, हाताला लोण्यासारखी मऊ. बसवली, गरम केली, दाबली. काटा हलला नाही. बुधवारी रोमी चाळीस किलोमीटर फिरून आली. मारलीस दुकान लवकर बंद करून लोहारशाळेच्या दारात उभी होती. रोमीने प्लग काढून नुसता तिच्यापुढे धरला. तो तपकिरी होता.

रविवारी मारलीस माथ्यावर गेली नाही. ती खाणीच्या वळणावर उभी राहिली, जिथे ट्राउगोट पडला होता तिथेच. गेरोल्ड खाटीक कडेला सॉसेज भाजत होता.

"तू इथे काय करतेस? वर जा, वर बिअर आहे."

"मला इथूनच बरं दिसतं."

"पडणार असेल तर मी आहे इथे," गेरोल्ड म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याने चिमटा खाली ठेवला. "नाही पडणार गं. चेष्टा केली. घे, हे खा. पैसे नकोत."

खालून आवाज यायला लागले. एकेक गाडी वर येत होती, आणि मारलीसला प्रत्येकीत लेक दिसत होती. मग एक आवाज आला तो तिला ओळखायची गरज पडली नाही. ती बादली, ती शेड, तो धूर, सगळं त्या आवाजात होतं. पुलापासून निघालेला, पूर्ण उघडलेला, गाठ नसलेल्या दोऱ्यासारखा सरळ. वळणाच्या आधी रस्ता सगळ्यात खडा आहे. तिथे आवाज बारीक होतो, धरायच्या आधी इंजिन क्षणभर फार गोड गातं, हे रोमीनेच तिला सांगितलं होतं. मारलीस त्या गोडव्याची वाट बघत श्वास धरून उभी होती.

तो आलाच नाही. आवाज होता तसाच राहिला, जाडजूड, भरलेला, थोडासा खरखरीत. हिरवी आरटी वळणावर आली, रोमी टाकीवर वाकलेली, कोपरं आत. क्षणभर ती पुढ्यात होती आणि मग मागचा दिवा, निळा धूर आणि तेलाचा वास. मारलीसच्या हातातलं सॉसेज खाली पडलं होतं.

"गेली," गेरोल्ड म्हणाला. "तुझी पोरगी गेली वर, आणि माझं सॉसेज मातीत गेलं."

मारलीस माथ्यापर्यंत जवळजवळ धावत गेली, चौसष्टाव्या वर्षी, दुकानातल्या बुटांत. ती पोचली तेव्हा चादरीभोवती लोक जमले होते. ट्राउगोट चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत रांगेने येत होता. रोमीच्या नावापुढे तो थांबला. रुमालात धरून प्लग उचलला, उन्हाकडे केला, फिरवला.

"हरणाची पाठ," तो म्हणाला. मग प्लग शेजारच्याकडे दिला, त्याने पुढच्याकडे. तो सगळ्या टेबलाभोवती फिरून परत येईपर्यंत म्हातारा रोमीकडे बघत होता. "चौतीस वर्षं सिगमारचे प्लग बघितले मी. यापेक्षा बरा एकही आठवत नाही. माझी गाडी आहे ना ही?"

"तुमचीच, वेर्मकेकाका. हवी असेल तर."

"हवी म्हणजे काय. घरी मीच घेऊन जाणार." त्याने स्वतःच्या मोडून जुळलेल्या हाडावर हात ठेवला. "आणि ते दातांचं जे बोललो ते गिळतो. दात माझे स्वतःचे नाहीत, पण गिळतो."

लोक हसले. कुणीतरी रोमीच्या हातात बिअर दिली, कुणीतरी पाठीवर थाप मारली, एकाने तिथल्या तिथे आपलं इंजिन मंगळवारी आणतो म्हणून सांगून टाकलं, दुसरा म्हणाला, मंगळवारी माझं येतंय, तू बुधवारी ये.

"पण दोष होता कुठे?" ट्राउगोटने विचारलं.

"डायनामोच्या बाजूचं सील. माझी चूक. मी नीट तपासलं नव्हतं. आता बदललंय."

"बघा." ट्राउगोटने बोट वर केलं. "दुकानातला माल घातला होतास ना आधी? मूळ घातलंस आणि चढली. मी काय सांगत असतो?"

सगळ्यांनी माना हलवल्या. रोमीने तोंड उघडलं, आईकडे एकदा बघितलं आणि मिटून घेतलं.

"सिगमारने दिलेली आठ सीलं माझ्या तळघरात आहेत अजून," ट्राउगोट खुशीत सांगत होता. "लेनासाठी दुसरी आरटी जोडतोय. नात अठराची झाली ना. या आठवड्यात तीच घालतो. मूळ ते मूळ."

रोमीने प्लग परत बसवला आणि म्हाताऱ्यासाठी किक मारली. इंजिन एकदा खाकरलं आणि लयीत आलं. ती मागे सरली नाही. तिथेच, गर्दीच्या मधोमध, बिअरचा ग्लास हातात धरून तिने मान जराशी वाकडी केली आणि डोळे मिटले.

मारलीसने ते पोटभर बघून घेतलं.

उतरताना दोघीच होत्या तेव्हा मारलीस म्हणाली, "त्याला सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांसमोर ओपांचं नाव काढू? आज? उद्या जाऊन एकट्याला सांगेन. काहीतरी सांगेन. रागावतील, मग येतील परत."

"आणि पुन्हा तूच ऐकून घेशील."

"मला आता काही होत नाही," रोमी म्हणाली, आणि ते खरं होतं. ती शीळ घालत पुढे चालली होती. सोमवारी लॅबला काय कळवायचं ते तिने आईला सांगितलंही नाही, आणि मारलीसने विचारलंही नाही.

संध्याकाळी मारलीस शतावरी सोलत बसली. आज तरी शांत वाटायला हवं होतं, आणि बरंचसं वाटतही होतं. रोमीचे मिटलेले डोळे आठवले की हातातली सुरी थांबायची. पण त्याच्यामागून ट्राउगोटचं बोट वर येत होतं. आठ सीलं. लेना. तीच टेकडी, तेच वळण.

उद्या रोमी सांगेल. नीट सांगेल, ओपांना सांभाळून, स्वतःवर थोडं घेऊन. आणि म्हातारा म्हणेल, दातवालीला काय कळतं रबरातलं, आणि तळघरात जाऊन बरणी उघडेल. गाव एका सकाळीत इतकं बदलत नाही. रबरातलं कुणाला कळतं, तर ते या गावात एकाच बाईला, आणि ती गेली पस्तीस वर्षं खोकल्याचं औषध विकत गप्प बसली होती. खिसे तिचे होते, फीत तिची होती. हे रोमीने का सांगायचं?

तिने घड्याळ बघितलं. पावणेआठ. सव्वाआठला टीव्हीवर खुनाची मालिका लागते आणि मग ट्राउगोट वेर्मके कुणाचाही फोन उचलत नाही. लहानपणी तो तिला आरटीच्या टाकीवर बसवून गल्लीतून फिरवायचा, हे तिला उगाचच आठवलं. हसेल तो, किंवा ओरडेल. गुत्त्यात सांगेल, सिगमारच्या पोरीने आपल्या सगळ्यांना दगड वाटले. सांगू दे.

मारलीसने हात पुसले, ओपांच्या डब्यातलं भेगाळलेलं सील समोर ठेवलं, काय दिसतं ते नीट वर्णन करता यावं म्हणून, आणि फोन ओढून घेतला.